भरपूर खिशांचे सुती जाकीट मापाने शिवून हवे आहे : ठाणे ते बेलापूर परिसरातील शिंपी सुचवावा

नमस्कार.

ठाणे किंवा नवी मुंबईत कामाचे कपडे मापाने आणि एकच नग शिवून देणारा शिंपी अथवा लहान कारखाना कोणाच्या माहितीत असल्यास कृपया कळवावे. मला बिनबाह्यांचे, कमरेखाली चार-पाच इंच उतरणारे जाकीट स्त्रीच्या मापाने शिवून घ्यायचे आहे आणि त्याचे खिसे शोभेचे नसून ठरावीक वस्तूंच्या मापाचे असायला हवेत. नेमके काय हवे ते सविस्तर लिहिते, म्हणजे सुचवणाऱ्यांना अंदाज येईल.

मी इमारतींच्या स्ट्रक्चरल ऑडिटचे, म्हणजे बांधकामाच्या मजबुतीच्या तपासणीचे, काम करते. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतींची दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतींची दर ३ वर्षांनी तपासणी करून घ्यायची असते, त्यामुळे वाशी-नेरूळकडील सिडकोच्या जुन्या वसाहती आणि ठाण्यातील नौपाडा-कोपरी भागातील इमारती यांत माझी सतत ये-जा असते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीकडे नेणारी लोखंडी शिडी बहुधा उभी आणि गंजलेली असते. ती चढताना दोन्ही हात मोकळे लागतात, खांद्यावरची पर्स शिडीच्या गजात अडकते आणि पाठीवरची सॅक वर पोहोचल्यावर उघडायची म्हटली तर टेकायलाही जागा नसते. कंबरेच्या पट्ट्याला अडकवायचे पाऊच मी वापरून पाहिले आहेत, पण डक्टच्या, म्हणजे पाइप नेण्यासाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीच्या, अरुंद फटीत आडवे शिरताना ते भिंतीला घासतात आणि वाकले की पोटात रुततात.

माझ्याजवळ कायम लागतात त्या वस्तू अशा : मोबाइल, ए-६ आकाराची वही, दोन पेने आणि खडू, अंतर मोजण्याचे लेझर यंत्र, भेगेची रुंदी मोजायची पारदर्शक पट्टी, लहान टॉर्च, पाच मीटरची टेप आणि प्लास्टर पोकळ झाले आहे का ते ठोकून पाहण्याची हलकी हातोडी. काँक्रीटची मजबुती तपासायचा रिबाउंड हॅमर किलोभर वजनाचा असल्यामुळे तो सॅकमध्येच राहील, त्याचा भार जाकिटावर टाकायचा नाही.

तयार मिळणारी छायाचित्रकारांची किंवा मासेमारीची जाकिटे मी पाहिली आहेत, त्यामुळे तीच घ्यावीत असे कोणी सुचवणार असल्यास अडचण आधीच सांगते. ती पुरुषांच्या मापाने बेतलेली असतात आणि त्यांचे मुख्य खिसे छातीवर असतात. स्त्रीच्या अंगावर तिथे जड वस्तू ठेवली की ती बाहेरच्या बाजूला कलते, पुढे वाकले की नेमकी गळून पडते, आणि खालचे पाहायला मान वाकवावी तर मोबाइल हनुवटीला लागतो. म्हणून मला छातीवर फक्त पेनांचा आणि भेगपट्टीचा चपटा खिसा हवा आहे, बाकी सगळे वजन छातीच्या खाली, बरगड्यांपासून कंबरेपर्यंतच्या पट्ट्यात आणि दोन्ही बाजूंना सारखे वाटलेले असावे. शिवाय ती जाकिटे बहुतेक पॉलिस्टरची असतात. मे महिन्यात दुपारी बाराच्या उन्हात गच्चीवर उभे राहायचे असते, तेव्हा ते कापड अंगाला जे चिकटते ते संध्याकाळपर्यंत सुटत नाही.

खिशांची मापे मी वस्तू कागदावर ठेवून काढली आहेत. मोबाइलचा खिसा आतून साडेतीन इंच रुंद आणि सात इंच खोल असावा. वहीच्या खिशाला बाजूने इंचभराची पट्टी लावून फुगवटा द्यावा, म्हणजे वही भरली तरी समोरचे कापड ताणले जाणार नाही. लेझर यंत्र डाव्या बाजूला आणि टेप उजव्या बाजूला जाईल. हातोडीसाठी खिसा नकोच, उजव्या कुशीला जाड कापडाचा फास पुरेल. आत डाव्या बाजूला एक चोरखिसा हवा, ज्यात रेल्वेचा पास, थोडे पैसे आणि घराची किल्ली राहील. आमच्या आजोबांच्या बंडीला असा आतला खिसा होता आणि त्यातले कधी काही हरवल्याचे आठवत नाही. तो खिसा आता कोणी शिवत का नाही, हे मला न उलगडलेले कोडे आहे.

झाकणांना टिचबटणे हवीत. प्लास्टरची धूळ आणि सिमेंटची भुकटी वेल्क्रोत अडकून तो काही आठवड्यांत निकामी होतो, आणि चेनच्या दातांत बारीक कण बसले की ती ऐन वेळी अडते. फक्त चोरखिशाला चेन चालेल, कारण तिथे धूळ पोहोचत नाही.

माझ्या मते खरी मेख शिवणीत आहे. खिसा नुसता समोरच्या कापडावर टिपला की सगळे वजन वरच्या दोन कोपऱ्यांवर येते आणि कापड तिथेच फाटते. अमेरिकेतील नेवाडा राज्यातल्या रेनो गावच्या जेकब डेव्हिस या शिंप्याने याच कारणासाठी मजुरांच्या विजारींच्या खिशांच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिव्हेट ठोकायला सुरुवात केली आणि १८७३ साली लेव्ही स्ट्रॉस यांच्यासोबत त्याचे पेटंट घेतले. मला रिव्हेट नकोत, पण त्या जागी बारटॅक, म्हणजे जीन्सच्या खिशाच्या टोकाला असते तशी दाट आडवी टीप, हवी आहे. नेहमीच्या शिंप्याकडे ते यंत्र नसते. त्याखेरीज मोठ्या खिशांचे अस्तर बाजूच्या शिवणीत आणि खालच्या दुमडीत अडकवावे आणि खांद्याची पट्टी किमान तीन इंच रुंद व दुहेरी कापडाची असावी, म्हणजे भार खांद्यावर पसरेल.

अडचण अशी आहे की, स्त्रियांचे कपडे शिवणाऱ्यांना अंगाचे माप उत्तम कळते, पण खिसा म्हटले की ते कुर्त्याच्या बाजूच्या शिवणीत रुमाल मावेल एवढी पिशवी लावून मोकळे होतात. पुरुषांच्या पँटी शिवणाऱ्यांना क्रॉस पॉकेटपासून बोन पॉकेटपर्यंत सगळे येते, परंतु ‘लेडीज काम आम्ही घेत नाही’ असे उत्तर मिळते. गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात विचारले असता, डझनावारी मागणी असल्याशिवाय कटिंग मास्टर हात लावणार नाही, असे सांगण्यात आले. त्यांचेही बरोबर आहे, कारण एका नगासाठी नवा बेत, म्हणजे कापड कापण्याचा नमुना, काढण्यात जो वेळ जातो त्याचे पैसे नेहमीच्या शिलाईत निघत नाहीत. म्हणूनच स्पष्ट करते की नेहमीपेक्षा जास्त शिलाई आणि बेत काढण्याचे वेगळे पैसे देण्याची माझी तयारी आहे. आधी स्वस्त मांजरपाटाचे कच्चे जाकीट टाचून, त्यात वस्तू घालून, वाकून-चढून पाहावे आणि मगच खरे कापड कापावे, एवढाच माझा आग्रह आहे.

जाणकारांना माझे प्रश्न असे. ठाणे स्थानक, वागळे इस्टेट, वाशी, कोपरखैरणे किंवा बेलापूर भागात असे काम घेणारे कोणी आहे का? उल्हासनगरच्या जीन्स शिवणाऱ्यांपैकी कोणी बाहेरून आणलेल्या कपड्यावर केवळ बारटॅक मारून देतात का? तसे असल्यास जाकीट नौपाड्यातच शिवून घेऊन तेवढ्या कामासाठी उल्हासनगरला जाता येईल. आणि कापड निवडताना सुती ड्रिल, म्हणजे तिरप्या विणीचे जाड कापड, घ्यावे की सुती-पॉलिस्टर मिश्रणाचे? शुद्ध सुती अंगाला बरे वाटते, पण घामाने भिजले की जड होते आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. सध्या माझा कल बाहेरून सुती ड्रिल आणि खिशांच्या आत टेरिकॉट असा आहे. ५८ इंची पन्ह्याचे दोन मीटर कापड पुरेल असे मी धरले आहे. कापड आटू नये म्हणून ते आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच देईन.

भर : उत्तरे देणाऱ्यांचे आभार. जुने जाकीट उसवून त्यावरून बेत काढण्याची सूचना उपयोगी आहे. माझ्याकडे अंगाला नीट बसणारी एक जुनी कुर्ती आहे, ती उसवून खांदा, मुंढा आणि छातीचे माप कागदावर उतरवता येईल, मग शिंप्याकडे फक्त खिशांचाच प्रश्न उरतो. पिशव्या आणि सॅक दुरुस्त करणाऱ्यांना विचारावे, ही सूचनाही पटली, कारण त्यांच्या यंत्रांना जाड कापडाचे चार थर सहज पेलतात. ठाणे स्थानकाच्या आसपास किंवा ट्रान्स-हार्बर मार्गावरील कोणत्याही स्थानकाजवळ असा कारागीर ठाऊक असल्यास दुकानाची खूण आणि शक्यतो उघडे असण्याची वेळ येथे लिहावी. मला शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी जाणे जमते.