शाळेला सांगायचं कसं? मुलाच्या जादा मदतीबद्दलचे अनुभव

वाचन अडखळतं, ऐकू कमी येतं, झटके येतात, गोंगाट सोसत नाही. कारण काहीही असो, शाळेशी कधी, कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत बोललं की काम होतं, ते इथे लिहा. शिक्षकांबद्दलच्या तक्रारी नकोत, नेमका उपाय हवा.

विशेष शिक्षिका

तज्ज्ञांचा अहवाल जरूर द्या, पण त्याच्या वर तुमचं एक पान लावा. अख्खा वर्ग सांभाळणाऱ्या बाई अहवालातले गुणांकांचे तक्ते वाचत बसणार नाहीत. पानावर आधी मुलाला काय छान जमतं त्याच्या दोन ओळी, मग कुठे अडतं, आणि मग वर्गात काय करायचं ते.

इथेच बहुतेक पत्रं फसतात. ‘डिस्लेक्सिया आहे, कृपया लक्ष द्यावे’ हे वाचून शिक्षकाने सोमवारी पहिल्या तासाला नेमकं काय करायचं? त्याऐवजी असं लिहा: ‘वर्गासमोर वाचायला अचानक उभं करू नये. वाचायला द्यायचंच असेल तर परिच्छेद आदल्या दिवशी डायरीत कळवावा.’ ‘फळ्यावरचं सगळं उतरवून घेण्याऐवजी झेरॉक्स द्यावी.’ ‘विज्ञानाच्या उत्तरात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत.’ एका वेळी तीनच मागण्या. दहा मागितल्या की एकही धड होत नाही.

एक पालक

फाटकात उभ्या उभ्या सांगितलेलं संध्याकाळपर्यंत कोणाच्याही लक्षात राहत नाही. २० मिनिटांची वेळ मागून घ्या आणि विषय आधीच कळवा. भेट झाली की त्याच दिवशी चार ओळींचा मेल करा: ‘आज असं ठरलं, हे अमुक पाहतील, सहा आठवड्यांनी पुन्हा भेटू. काही चुकलं असल्यास कळवावं.’ शिक्षक बदलले तरी हा मेल राहतो. कागद हातात देत असाल तर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.

‘तुम्ही लक्ष देत नाही’ म्हटलं की समोरचा बचावाला लागतो. ‘या दोन आठवड्यांत गृहपाठ तीनदा अर्धवट उतरवलाय, ही पानं बघा’ म्हटलं की दोघंही वहीकडे बघतात.

कानयंत्र वापरणाऱ्या मुलांबरोबर काम

‘पहिल्या बाकावर बसवा’ एवढंच सांगू नका. पहिल्या बाकावरून मागे उत्तर देणारी मुलं दिसत नाहीत, दुसरा-तिसरा बाक बरा. एकाच कानाने ऐकू येत असेल तर चांगला कान वर्गाकडे हवा. म्हणजे उजवा कान चांगला असेल तर मुलाला त्याच्या डाव्या हाताच्या भिंतीकडे बसवायचं. फळ्याकडे तोंड करून बोललेलं त्याच्यापर्यंत पोचत नाही, ओठही दिसत नाहीत.

शिक्षकांचा आवाज थेट कानयंत्रात पोचवणारा, त्यांच्या गळ्यातला माइक हनुवटीखाली साधारण वीतभर अंतरावर असावा. त्याला ओळखपत्राची दोरी घासली की मुलाला दिवसभर खरखर ऐकू येते. बाई बाहेर जाताना तो म्यूट करायला विसरल्या तर बाहेरच्या गप्पाही मुलाच्या कानात. (मुलं हे आपण होऊन कधीच सांगत नाहीत!) चार्जिंग कोण करणार, तेही नाव घालून ठरवा.

आणि ‘समजलं का?’ विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. ‘आता काय करायचंय, सांग बरं?’ असं विचारा.

झटक्यांबद्दल

डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद वर्गात, कार्यालयात, खेळाच्या शिक्षकांकडे आणि बसमध्येही हवा. झटका आला की घड्याळ बघा, आजूबाजूच्या टणक वस्तू हलवा, दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका. झटके थांबले की कुशीवर वळवा. ५ मिनिटांत थांबला नाही तर रुग्णवाहिका. घोटाळा होतो तो बदली शिक्षकांच्या दिवशी, म्हणून हजेरीपटाच्या पहिल्याच पानाला खूण करून ठेवायला सांगा.

काही झटके म्हणजे नुसतं काही सेकंद शून्यात बघणं. त्यावर ‘लक्ष नसतं’ असा शेरा मिळतो. शिक्षकांना तारीख, वेळ आणि साधारण सेकंद टिपायला सांगा, डॉक्टरांना याचा उपयोग होतो.

वर्गशिक्षिका

पालकहो, ‘शाळेला आपोआप कळतंय का बघू’ म्हणून लपवू नका. आमचे दोन महिने अंदाज बांधण्यात जातात.

वागण्याच्या नोंदी मात्र आमच्याकडून नीट मागून घ्या. ‘आज खूप त्रास दिला’ याला काही अर्थ नाही. ‘१०:४०, चित्रकला संपून गणित सुरू होताना बाकाखाली बसला, ६ मिनिटांनी आपणहून आला’ अशा आठ-दहा नोंदी झाल्या की दिसतं, अडचण गणिताची नाही, हातातलं काम अचानक थांबवण्याची आहे. मग पाच मिनिटं आधी सूचना दिली की बऱ्याचदा भागतं.

परीक्षेबद्दल थोडक्यात

लेखनिक मिळाला तरी उत्तर तोंडी सांगणं ही वेगळीच कला आहे. घटक चाचणीपासून सराव नसेल तर लेखनिक असून गुण जातात. जादा वेळ वेगळ्या खोलीत मागा, नाहीतर तो बाकीच्यांच्या बाक सरकवण्याच्या आवाजात जातो.

आणखी एक पालक

मदत मागायची खूण मुलालाच ठरवू द्या. लाल कार्ड वगैरे सगळ्या वर्गाला दिसतं आणि आठवड्याभरात ते दप्तराच्या तळाशी जातं. कंपासपेटी उलटी ठेवली की बाई सहज फिरत फिरत बाकापाशी येणार, एवढं पुरतं.