मदत हवी: ग्नूकॅशमध्ये रोकड आणि देणं एका नजरेत कसं दिसेल?

मंडळी, दिवाळी पाडव्यापासून घरचा हिशोब वहीतनं काढून ग्नूकॅश या संगणकावरच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलाय. नोकरी शिरोली एमआयडीसीत, घर कोल्हापुरात राजारामपुरीत, शिवाय वडिलांचा करवीर तालुक्यात थोडा ऊस. नोंदी वेळच्या वेळी होतात, ताळा बसतो. पण पडद्याकडं बघून घरात कुणालाच काही ठरवता येत नाही.

आजचे आकडे: बचत खातं ८४,३००, घरातली रोकड ६,२००. क्रेडिट कार्डाचं देणं ४१,७५०, सोसायटीचं पीककर्ज १,२०,०००, गृहकर्ज १८,६०,०००. फ्लॅट ३२ लाखांना धरलाय. खालच्या पट्टीत 'नेट ॲसेट्स' (मालमत्ता वजा देणं) १२,६८,७५० दिसतात. बरोबरच आहे, पण त्यातनं कपिलतीर्थ मंडईतली मेथीची पेंडीही येत नाही.

बायको बघते ती वरची ओळ, ८४ हजार. "आहेत की पैसे, फ्रिज घेऊया." कार्डाचे ४१ हजार पार खाली, गृहकर्जाच्या डोंगराशेजारी बसलेले. खरं तर ते या महिन्यातच जाणार, आणि १८ लाख काय उद्या कुणी मागायला येत नाही. दोन्ही 'देणं' म्हणून एकाच रांगेत.

सेटिंगमध्ये 'रिव्हर्स बॅलन्स्ड अकाउंट्स' (कुठल्या खात्यांची शिल्लक उलट्या चिन्हानं दाखवायची) याला 'नन' करून बघितलं. सगळं देणं लाल आणि उणे झालं. आईनं विचारलं, "एवढं काय बुडालंय रं?" परत पहिल्यासारखं केलं.

(कार्डाचं बिल भरणं हा खर्च नव्हे, बँकेतनं देण्याकडं वर्ग, हे मला आता कळलंय. आधी किराणा दोनदा खर्ची पडत होता.)

मला हवी एकच ओळ: रोकड अधिक बँक, वजा कार्ड. आणि ५ तारखेचा १७,८०० चा हप्ता गेल्यावर काय उरतं ते. दर वेळी रिपोर्ट काढत बसायचं नाही, खात्यांच्या यादीतच दिसायला पाहिजे.

प्रतिसाद १
भावा, कार्डाचं खातं 'लायबिलिटीज' म्हणजे देण्याखालीच पाहिजे असा नियम नाही. 'ॲसेट्स' म्हणजे मालमत्तेत 'हातातलं' असं एक वरचं खातं उघड, ते 'प्लेसहोल्डर' ठेव, म्हणजे त्यात चुकून नोंद पडणार नाही. बचत, रोकड आणि कार्ड तिन्ही त्याच्या पोटात टाक. कार्डाचा प्रकार 'क्रेडिट कार्ड'च राहू दे. 'टोटल' रकान्यात पोटखात्यांसकट बेरीज येते, त्यामुळं 'हातातलं'समोर ४८,७५० दिसतील.

हप्त्यासाठी 'शेड्यूल्ड ट्रान्झॅक्शन' (ठरल्या तारखेची आपोआप पडणारी नोंद) कर आणि नोंद ३० दिवस आधीच तयार व्हायला सांग. मग यादीच्या मथळ्याच्या उजव्या टोकाला जो बाण आहे तिथनं 'प्रेझेंट' आणि 'फ्यूचर मिनिमम' हे रकाने चालू कर. पहिल्यात आजची शिल्लक, दुसऱ्यात खातं पुढं किती खाली जाणार ते. फ्रिजचं दुसऱ्यावरनं ठरवा.

प्रतिसाद २
उसाचंही तसंच करा. सोसायटीचं कर्ज उसाच्या बिलातनं परस्पर कापून घेतात, मग ते घरखर्चाशेजारी कशाला? 'ऊस' म्हणून वेगळं वरचं खातं, त्यात येणं बिल आणि पीककर्ज दोन्ही. कारखान्यानं बिल १४ दिवसांत द्यायचं असं १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे, पण खात्यावर पडेपर्यंत त्याला रोकड समजू नका. आम्ही समजलो होतो.

धागाकर्ता
दोघांचंही केलं, जमलं. आता 'हातातलं'समोर हप्ता वजा होऊन ३०,९५० दिसतात. बायकोनं बघितलं आणि म्हणाली, "जुना फ्रिज अजून चालतोय म्हणा."

एक राहिलंच. मेहुण्याकडनं १५,००० हातउसने घेतलेत, ते अजून कुठंच नोंदवलेले नाहीत. तारीख ठरलेली नाही, तो मागतही नाही, पण पंचमीला घरी येणार आहे. हे कार्डाशेजारी टाकू की गृहकर्जाशेजारी?