मदत हवी आहे: बास गिटारच्या तारांवर बोटं घासल्याचा आवाज

खर्जवाला
घरी रेकॉर्डिंग करतोय. डावा हात सरकवला की 'चींss' येतं, आणि संथ भागात बासपेक्षा तेच जास्त ऐकू येतं. कोणत्या तारा घेऊ? गाणं लवकर द्यायचंय. 'रियाज वाढवा' हे उत्तर कृपया नको.

मंद्र
सध्या कोणत्या तारा आहेत? चार तारी की पाच? फ्रेटलेस (मानेवर धातूच्या पट्ट्या नसलेला) आहे का? काय वाजवता?

खर्जवाला
चार तारी, फ्रेट आहेत. तारा गिटारबरोबर आल्या त्याच, स्टीलच्या दिसतात.

जुनाबास
फ्लॅटवाऊंड घ्या, विषय संपला. तुमच्या राऊंडवाऊंडवर बाहेरची तार गोल असते, वेढ्यांमध्ये खाचा राहतात, त्यावर बोटाची कातडी खरवडते. फ्लॅटमध्ये चपटी पट्टी गुंडाळलेली असते, हात लोण्यासारखा सरकतो. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बासवादक जेम्स जेमरसन 'ला बेला' कंपनीच्या फ्लॅटच लावायचे, आणि तुटेपर्यंत बदलायचे नाहीत.

ठेका
विषय कसा संपला? गाणं कुठल्या ढंगाचं ते अजून सांगितलेलं नाही. स्लॅप (अंगठ्याने तार ठोकून वाजवणं) असेल तर फ्लॅटवर ती चमक येणार नाही. आधी स्टेनलेस स्टीलऐवजी निकेलच्या राऊंडवाऊंड लावून बघा, त्या मऊ असतात. नाहीतर हाफवाऊंड: गोल तारच, पण वरून घासून सपाट केलेली. चीं कमी, धार बऱ्यापैकी शाबूत.

जुनाबास
हाफवाऊंड म्हणजे धड ना इकडचं ना तिकडचं. मी लावून काढल्या.

सुरेल४४
ब्रिजजवळ (तारा खालच्या बाजूला अडकवतात तिथे) तारांखाली स्पंज ठेवा, पैसे वाचतील.

मंद्र
स्पंजने नाद आखूड होतो, घासण्याचा आवाज फारसा जात नाही. त्यापेक्षा कंप्रेसर किती लावलाय ते बघा. तो बारीक आवाज वर खेचतो, त्यात चींसुद्धा आली. टोनचा नॉबही थोडा खाली घ्या.

तारकरी
जुन्या तारा फेकू नका. अल्कोहोलमध्ये भिजवून, पुसून, सुकवून लावल्या की पुन्हा खणखणीत वाजतात.

ठेका
त्यांना खणखणीत नकोच आहे हो!

खर्जवाला
स्लॅप नाही, संथ गाणं आहे, सगळं बोटांनी. कंप्रेसर बराच आहे, कमी करतो. पण तारा घ्यायच्याच आहेत. माझा बास 30 इंची आहे, त्याने फरक पडतो का?

मंद्र
पडतो, फार पडतो! शॉर्ट स्केलचा, म्हणजे 30 इंची बासचाच सेट घ्या. 34 इंची बासच्या तारा लावल्या तर जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो, आणि फ्लॅटचा तो जाड भाग तिथे वाकवला की वेढे सुटू शकतात. कापताना आधी तार खुंटीपाशी काटकोनात वाकवा, मग कापा.

जुनाबास
आणि त्याच गेजमध्येही (जाडीतही) फ्लॅटचा ताण सहसा जास्त असतो. लावल्यावर मानेचा बाक तपासा, गरज पडली तर ट्रस रॉड (मानेतली सळई) थोडा फिरवा. आवाज सुरुवातीला उजळ वाटेल, वाजवत राहा, खाली बसतो.

खर्जवाला
ठीक, शॉर्ट स्केल फ्लॅट शोधतो. तोवर निकेल लावू का?

ठेका
लावा. तेवढ्यानेच काम भागेल, बघा.

नायलॉनप्रेमी
टेपवाऊंडचं नाव कुणीच घेतलं नाही? वरून नायलॉनची पट्टी, चीं जवळजवळ शून्य, बोटांनाही आराम. फक्त बऱ्याच सेटमध्ये तारा जाड असतात, नटच्या (मानेच्या टोकाच्या पट्टीच्या) खाचेत बसतात का ते आधी मोजा.