तारण केवळ क्रूसावर, की येशूच्या जगण्यातही?

मूळ मत

प्रेषितांचा विश्वासांगीकार, म्हणजे उपासनेत म्हटले जाणारे ख्रिस्ती श्रद्धेचे जुने संक्षिप्त सूत्र, म्हणताना मी एका जागी दर वेळी अडखळतो. त्यात मरियेपासून झालेल्या जन्माचा उल्लेख संपतो आणि लगेच रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या अमदानीतले दुःखसहन येते. यार्देनेतला बाप्तिस्मा, गालीलातली शिकवण, कुष्ठरोग्याला केलेला स्पर्श, जकातदारांच्या पंक्तीला बसणे, यांपैकी कशाचाही त्यात उच्चार नाही. ज्या जीवनाविषयी चार शुभवर्तमाने लिहिली गेली, ते जीवन आपल्या तारणाशी, म्हणजे पापातून होणाऱ्या सुटकेशी, संबंधितच नव्हते काय?

माझे मत असे की ते जीवन हाच तारणाचा आरंभ आहे. कफर्णहूमात छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाती माणसाला येशूने पापांची क्षमा दिली, तेव्हा क्रूस अजून दूर होता. यरीहोत जक्कय या श्रीमंत जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याचा आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचा शब्द दिला, तेव्हा आज या घराला तारण झाले आहे, असे येशू म्हणाला. त्यातला 'आज' मला फार मोलाचा वाटतो. बरे करणे आणि तारणे या दोन्ही अर्थांनी शुभवर्तमानांत 'सोझो' हे एकच ग्रीक क्रियापद येते. म्हणून क्रूस ही त्या जगण्याची किंमत होती असे मी मानतो, आणि जगण्याला केवळ क्रूसाची प्रस्तावना समजणे मला मान्य नाही.

प्रतिसाद १

आपली तळमळ समजते, परंतु निष्कर्ष मान्य करता येत नाही. प्रेषित पौलाची पत्रे शुभवर्तमानांपेक्षा जुनी आहेत, आणि करिंथकरांना लिहिताना जे आपल्याला मिळाले तेच आपण सोपवून दिले असे सांगून तो प्रथम महत्त्वाच्या गोष्टी मोजतो: ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सोळा अध्यायांपैकी अकराव्यात येशू यरुशलेमेत पोहोचतो आणि पुढचा जवळजवळ सारा मजकूर एका आठवड्याचा आहे. लेखकाने भर कुठे दिला हे यावरून दिसते. पुष्कळांसाठी आपला प्राण खंडणी म्हणून देण्यास आपण आलो आहोत, हे येशूचे शब्दही मार्कानेच नोंदवले आहेत.

क्रूसाआधीच्या क्षमेचा मुद्दा नवा नाही. अब्राहाम तर कितीतरी शतके आधी विश्वासाने नीतिमान ठरला, आणि पूर्वी घडलेल्या पापांची देवाने सहनशीलतेने उपेक्षा केली असे पौल रोमकरांस स्पष्ट लिहितो. जक्कयाला मिळालेली क्षमा क्रूसाच्याच आधारावर होती. कालक्रमाने आधी आलेली गोष्ट कारणानेही आधीची असते असे नाही. शिवाय त्याच्या घरी जाण्याच्या थोडेच आधी येशूने बारा जणांना आपल्या मरणाविषयी सांगितल्याचे लूक लिहितो. जीवनालाच तारण म्हटले, तर येशू एक थोर आदर्श उरतो, आणि आदर्शापुढे हरलेल्या माणसाला तो आदर्श आणखीच दोषी ठरवतो. हे मी स्वतःच्या अनुभवावरून म्हणतो.

प्रतिसाद २

विश्वासांगीकार हे चरित्र नव्हे. ज्या मुद्द्यांवर वाद पेटले त्यांवरच अशी सूत्रे बोलतात. 325 साली निकाया येथील धर्मपरिषदेत पुत्र पित्याच्या बरोबरीचा आहे की निर्माण केलेला, हा प्रश्न होता, डोंगरावरच्या प्रवचनाविषयी तंटा नव्हता. त्यामुळे तिथल्या मौनावर एवढा भार टाकू नये.

मूळ लेखकाचे उत्तर

विश्वासांगीकाराच्या मौनाविषयीची दुरुस्ती मी स्वीकारतो. मात्र 'आदर्श' हा शब्द माझा नाही. दुसऱ्या शतकातील बिशप इरेनियसाने म्हटले की ख्रिस्त बालपणापासून प्रौढपणापर्यंतच्या प्रत्येक अवस्थेतून गेला, ते त्या त्या अवस्थेला पवित्र करण्यासाठी. त्यात अनुकरणाची आज्ञा नाही. आदामाने बिघडवलेले मनुष्यजीवन देवाने स्वतः पुन्हा जगून सावरले, असा तो विचार आहे. पौलसुद्धा रोमकरांस लिहिताना एकाच्या आज्ञापालनाने पुष्कळ जण नीतिमान ठरतील असे म्हणतो. ते आज्ञापालन केवळ एका शुक्रवारचे होते काय? फिलिप्पैकरांच्या पत्रात ते मरणापर्यंत पोहोचते, म्हणजे त्याची सुरुवात त्याच्या बरीच आधी झाली होती. अकराव्या शतकाच्या अखेरीस धर्मपंडित अन्सेल्माने देवाच्या मानाचे ऋण आणि त्याची भरपाई अशी मांडणी केली, तिचा दबदबा पश्चिमेकडे इतका वाढला की ही जुनी वाट झाकली गेली, असे मला वाटते.

प्रतिसाद १ चे प्रत्युत्तर

इरेनियस मलाही प्रिय आहे, आणि आज्ञापालन आयुष्यभराचे होते हे मी नाकारत नाही. तरी येशूशेजारी क्रूसावर टांगलेल्या अपराध्याचा विचार करा. त्याला जक्कयाप्रमाणे काही परत करायला वेळ नव्हता, पक्षाघाती माणसाप्रमाणे उठून घरी जायचे नव्हते. तरीही त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे वचन मिळाले, तेही मरणाऱ्या येशूच्या तोंडून. मरणाच्या दारात असलेल्या कोणाला मी गालीलातली वर्षे सांगत बसणार नाही, मी त्याला क्रूस दाखवीन.

मूळ लेखकाचे उत्तर

तोच अपराधी दुसऱ्याला बजावतो की आपल्याला आपल्या कृत्यांचे योग्य फळ मिळत आहे, पण याने काहीच अयोग्य केलेले नाही. राज्यात येशील तेव्हा माझी आठवण कर, ही विनवणी त्यानंतरची आहे.