पडा, पण तडक नको
काही जण म्हणतात की दमून आलं की तडक आडवं पडायचं, तेच खरं सुख. सुख आहेच, शंभर टक्के पटलं, पण तडक नको. जोरात पळून किंवा सायकल मारून एकदम थांबून उभं राहिलं की पायातल्या रक्तवाहिन्या अजून रुंदावलेल्याच असतात आणि रक्त वर ढकलणाऱ्या पोटऱ्या मात्र थांबतात, मग रक्त खालीच साचतं, बीपी उतरतं, गरगरतं. चार-पाच मिनिटं हळूहळू चालून मग पडा, मजा काही कमी होत नाही.

आमच्या परभणीकडं सोयाबीन काढणीत दिवसभर वाकून विळा चालवला, पात (कापायला धरलेली ओळ) संपली की बांधावरच्या कडुलिंबाखाली पाठ टेकवायची, आधी कंबर इतकी आखडलेली की जमिनीला लागतच नाही, मग हळूहळू सैल होत जाते आणि वारं आलं की डोळे आपोआप मिटतात, असली झोप गादीवर मला कधीच लागली नाही. सोबत पात धरलेल्या बायांना मात्र घरी गेल्यावर परत चूल असते, त्यांची पाठ टेकते ती रात्रीच, हे मला फार लागतं. आमच्या घरी आता काढणीच्या दिवसांत संध्याकाळच्या भाकरी आम्ही भाऊच टाकतो.