कागावाला निदान दोन दिवस द्या

जपानचं शिकोकू बेट एका दिवसात उरकता येईल असं तुम्ही म्हणता, पण तिथल्या नुसत्या कागावा प्रांतालाच दोन दिवस ठेवा. मुख्य बेटावरच्या ओकायामाहून कागावाचं मुख्य शहर ताकामात्सू ट्रेनने तासाभरावर. गाडी १९८८ सालच्या सेतो पुलावरून जाते, तेव्हा खिडकी सोडू नका. खाली बेटंच बेटं.

खाण्यात सानुकी उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया रश्श्यात; सानुकी हे कागावाचं जुनं नाव. इथे पाऊस कमी, म्हणून गहू पिकवायची जुनी रीत आणि शेतीसाठी असंख्य तळी. त्यातलं मान्नो तळं ८२१ साली कूकाई या भिक्षूने दुरुस्त करवून घेतलं. शाकाहारी असाल तर जपून, रस्सा पाण्यासारखा नितळ दिसला तरी सुक्या मासळीचा असतो.

कोतोहिरा गावच्या कोन्पिरा देवळाला मुख्य मंदिरापर्यंत ७८५ पायऱ्या, अगदी वरच्या देवळापर्यंत १३६८. हे 'कोन्पिरा' म्हणजे आपला संस्कृत 'कुंभीर', मगर! गंगेतली मगर तिकडे जाऊन खलाशांचा राखणदार झाली, याची मला भारी गंमत वाटते. सकाळी लवकर चढा. उदोन उतरल्यावरच खा, पण फार रेंगाळू नका. बरीच दुकानं दुपारीच बंद होतात.