रेडिओचा यूएल४१ व्हॉल्व्ह लीक असेल तर झटका देऊ नये, माझं ठाम मत

दादरकर_रेडिओ:
ओळखीच्या एका आजींचा जुना एसी-डीसी (मेन ट्रान्सफॉर्मरशिवाय चालणारा) रेडिओ सेट सध्या टेबलावर आहे. सुरुवातीला आवाज ठणठणीत, थोड्या वेळाने फाटतो आणि आउटपुटचा यूएल४१, म्हणजे स्पीकर चालवणारा व्हॉल्व्ह, भयंकर तापतो. अशा वेळी पहिला संशय आधीच्या टप्प्यातून सिग्नल आणणाऱ्या कपलिंग कंडेन्सरवर, आणि बहुतेकदा चोर तोच निघतो. पण इथे तो एका बाजूने सोडवला तरी ग्रिडवर (व्हॉल्व्हमधल्या प्रवाहाला आवर घालणाऱ्या जाळीवर) अधिक ५ व्होल्ट. ग्रिडचा रेझिस्टर १ मेगओम, म्हणजे जेमतेम ५ मायक्रोअँप व्हॉल्व्हमधून झिरपतायत. ग्रिड कॅथोडच्या (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या तापत्या भागाच्या) मानाने उणे ९ व्होल्टच्या आसपास असायला हवं. तिथून एवढं सरकलं की प्रवाह वाढतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळायला वेळ लागत नाही.

यावर काही जण सांगतात, स्क्रीन (आतली दुसरी जाळी) आणि ग्रिडमध्ये मोठं व्होल्टेज सोडा, आतला थर जळून जाईल. मला पटत नाही. कॅथोडवरून उडालेलं बेरियम जाळ्या धरून ठेवणाऱ्या अभ्रकाच्या चकत्यांवर बसतं. झटक्याने वाट तेवढ्यापुरती तुटते, पण कॅथोड तापतोय तोवर नवा थर बसतच राहणार. दुसऱ्याच्या घरी जाणाऱ्या सेटमध्ये असा व्हॉल्व्ह घालू नये.

गिरगाव_सर्किट:
दादा, सपशेल असहमत. लॅमिंग्टन रोडला यूएल४१ मागून बघा, दुकानदार मान हलवतो. चोरबाजारात मिळाला तर तोही वापरलेला, आणि या नंबरची लीकेजची ख्याती तुम्हालाही माहीत आहे. मग बदलायचा कशाने? मी हीटर थंड ठेवून ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) ग्रिड आणि स्क्रीनवर लावतो. काटा आधी थरथरतो, मग एकदम अनंताकडे जातो. असे व्हॉल्व्ह माझ्या सेटमध्ये आजही वाजतायत. इमिशन (कॅथोडची इलेक्ट्रॉन सोडायची ताकद) उत्तम असलेला व्हॉल्व्ह एका थरापायी कचऱ्यात टाकणं हा खरा अन्याय.

ठाणे_दुरुस्ती:
थांबा दोघंही. लीकेज थंड असताना दिसतं की फक्त गरम झाल्यावर? दादरकर, तुम्ही लिहिलंय ‘थोड्या वेळाने’. मेगरवर थंड व्हॉल्व्ह स्वच्छ आणि तापल्यावरच ग्रिड अधिक होत असेल, तर तो अभ्रकावरचा थर नसेलही. ग्रिडच्या तारेवर बेरियम बसून ती स्वतःच इलेक्ट्रॉन सोडत असेल, नाहीतर आत गॅस झाला असेल. या दोन्हींवर झटक्याचा काडीचा उपयोग नाही. गिरगावकर, तुमचे वाचले ते थंड लीकेजवाले, म्हणून वाचले.

आणि सॉकेट पाहिलं का? आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवाच ओली. पिनांमधल्या पॅक्सोलिनवर (इन्सुलेशनच्या पट्टीवर) धूळ आणि सोल्डरिंगचा फ्लक्स बसलेला असतो, त्यात ओल शिरली की काही मेगओमची वाट सहज तयार होते. जोडण्या सोडवून रिकाम्या सॉकेटवर मेगर लावा. काचेचा तळ आणि पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, ६० वॅटच्या दिव्याखाली वाळवून मग मोजा. कोळशासारखी काळी रेघ दिसली तर सॉकेटच बदला, ते पुसून जात नाही.

दादरकर_रेडिओ:
सॉकेट रिकामं मोजलं, स्वच्छ आहे. व्हॉल्व्ह थंड असतानाच २० मेगओम दाखवतो, म्हणजे थरच. तरी मत तेच. झटक्यात ठिणगी अभ्रकावरून गेली तर तिथे कायमचा कार्बन होतो, आणि मग दुसरा उपायच उरत नाही. त्याऐवजी ग्रिड रेझिस्टर १ मेगओमचा ४७० किलोओम करा, कपलिंग कंडेन्सर दुप्पट करा म्हणजे खर्ज जाणार नाही. अधिक व्होल्ट निम्म्यावर येतात, आवाजात थोडीच घट.

गिरगाव_सर्किट:
म्हणजे आजींच्या घरी लीक व्हॉल्व्ह तुम्हीही पाठवणारच, फक्त निम्मा! ५ चे अडीच झाले तरी तो वाढणारच आहे. त्यापेक्षा मी झटका देईन, मग तासभर चालवून कॅथोड रेझिस्टरवर मोजेन. १४० ओमवर ९ व्होल्टच्या आसपास टिकला तर सेट घरी. १२ दिसले तर बंद, आणि व्हॉल्व्ह शोधायला मी स्वतः तुमच्याबरोबर चोरबाजारात येईन.

ठाणे_दुरुस्ती:
ते मोजमाप आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच (सेट मेनपासून वेगळा ठेवणाऱ्या) करा हं. या सेटची चासी (धातूचा सांगाडा) मेनला जोडलेली असते, दोन पिनांचा प्लग उलटा बसला की चासीवर २३० व्होल्ट.